विश्वाचा हिशेब आणि सोसायटीचे मीटर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आमच्या कळव्याच्या सोसायटीत एक गृहस्थ 'फुकट विजेचे' यंत्र घेऊन आले. मोटर, फ्लायव्हील म्हणजे जडशीळ फिरते चाक, पट्टा, वीज निर्माण करणारा अल्टरनेटर. एक युनिट घाला, तीन काढा, लिफ्ट आणि पंप त्यावरच चालवा! शंभर वॅटचे पाच दिवे झगझगीत पेटले आणि सेक्रेटरींनी खिशातले पेन काढले. माझी छत्तीस वर्षे सबस्टेशनात गेली; टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती चिमटा लावून करंट मोजायचे यंत्र, अजून घरात आहे. तो आणून लावला. मोटरकडे ४.२ अँपिअर, दिव्यांकडे २.२. पॉवर फॅक्टरची, म्हणजे मोटरचा सगळा करंट कामी लागत नाही याची, सूट दिली तरी धंदा तोट्याचाच. मग प्लग काढायला लावला. दिवे पिवळे पडले, तांबूस झाले, अर्ध्या मिनिटात विझले. चाकात साठले होते तेवढे बाहेर आले, संपले.

गृहस्थ डगमगले नाहीत. "काका, ऊर्जा अक्षय्य असते हे जुने झाले. आता शास्त्रज्ञच म्हणतात, विश्वाची ऊर्जा टिकत नाही."

पंचाईत अशी की या बोलण्यात तथ्य आहे. 'विश्वातील एकूण ऊर्जा कायम असते' असे आपण शाळेपासून घोकतो, आपल्या पुरवणीतही मागे तसेच छापून आले होते. नियमाची अट मात्र कोणी सांगत नाही. ती एमी नोथर या गणितज्ञ बाईंनी १९१८ साली मांडली. निसर्गाचे नियम आणि ज्या अवकाश-काळाच्या पटावर ते चालतात तो पट, दोन्ही काल होते तसेच उद्या असतील, तरच ऊर्जा कायम राहण्याची हमी. विश्व तर प्रसरण पावते आहे, म्हणजे पटच ताणला जातो. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा सुटलेला प्रकाश तेव्हा ३००० केल्विनचा (निरपेक्ष शून्यापासून मोजलेले अंश) होता. १९६४ मध्ये पेंझियास आणि विल्सन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांच्या अँटेनात तोच खरखर होऊन आला. आज त्याचे तापमान २.७ केल्विन आहे. लहर सुमारे ११०० पट लांबली, प्रत्येक फोटॉनची ऊर्जा तितक्याच पटीने घटली. गेली कुठे? कोणत्याच खात्यावर जमा नाही. काहीजण ती गुरुत्वाकर्षणाच्या नावे टाकून ताळेबंद जुळवतात, पण विश्वाच्या एकूण ऊर्जेची सर्वमान्य व्याख्याच नाही. कोयनेचे पाणी सूर्याने उचलले, सूर्याचा बहुतेक हायड्रोजन महास्फोटातला, इथवर मागे जाता येते. त्याआधीची 'आरंभीची शिल्लक' विचारली की वहीच संपते.

पण ही सवलत अब्जावधी प्रकाशवर्षांच्या पसाऱ्याला. आपली आकाशगंगासुद्धा स्वतःच्या गुरुत्वाने बांधलेली, ती ताणली जात नाही; तिथे आमच्या मीटर रूमची काय कथा! लहान पसाऱ्यात नियम एकदा डळमळल्यासारखा वाटला होता: बीटा क्षयात, म्हणजे अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा, ऊर्जा कमी भरू लागली आणि खुद्द नील्स बोर यांच्यासारखे थोर भौतिकशास्त्रज्ञ नियम सोडायला तयार झाले होते. १९३० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ पाउलींनी ती ऊर्जा घेऊन जाणारा न दिसणारा कण सुचवला आणि १९५६ मध्ये तो कण, न्यूट्रिनो, सापडला. हिशेब जुळला.

तेव्हा पुढच्या वेळी नियम छापताना त्याची अटही छापावी, ही विनंती. यंत्र येत्या रविवारी खारेगावच्या एका सोसायटीत जाणार असल्याचे कळते. तिथल्या मंडळींनी चहा देण्याआधी प्लग काढून पाहावा.

— एक निवृत्त सबस्टेशन ऑपरेटर, कळवा (ठाणे)