पहिल्या रात्रपाळीआधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

महिला तुरुंगावर तुझी नेमणूक झाल्याचं आईकडून कळलं. परवा मी जे बोललो त्यानंतर तू मला तरी कशाला सांगशील? ही नोकरी तुला झेपायची नाही, असं मी म्हणायला नको होतं. तुला झेपेल. भीती माझी आहे.

एकच मागणं आहे, रात्री बराकीत एकटी जाऊ नकोस. एवढंच लिहून थांबणार होतो.

बायकांच्या तुरुंगात कसल्या टोळ्या, असं म्हणणारे तुला भेटतील. होंडुरासमधल्या तामाराच्या महिला तुरुंगात जून २०२३ मध्ये टोळीच्या हल्ल्यात ४६ जणी गेल्या, त्यातल्या बऱ्याच जळून. ती बातमी मी दोनदा वाचली होती. तेव्हा तू अभ्यासाला बसली होतीस, म्हणून बोललो नाही.

गर्दी काय करते, ते सांगतो. मी तुरुंगात पहाऱ्याला होतो तेव्हा आमच्या बराकीत कैदी कुशीवर झोपायचे, एकाच्या डोक्याशी दुसऱ्याचे पाय. कूस बदलायची तर अख्ख्या रांगेनं. हातभर जागा कुणाला मिळणार, हे कोपऱ्यातला म्होरक्या ठरवायचा. एकोणीस वर्षांचा एक कच्चा कैदी आला. दोन रात्री त्यानं संडासाच्या दाराशी बसून काढल्या. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीकडेची जागा मिळाली. सकाळी गिनतीला मी विचारलं, "कुणी दिली?" तोंड उघडण्याआधी त्यानं कोपऱ्याकडे पाहिलं. पोरगा त्यांचा झाला होता. पंधरवड्यात त्याच्याच हातात घासून धार काढलेला चमचा होता. माझ्या खांद्याचं तुला ठाऊकच आहे.

पण म्होरक्याला मोकळीक मीच दिली होती. शंभरावर माणसं आणि आम्ही दोघं. तो बराक शांत ठेवायचा, मला बरं वाटायचं. कैद्याच्या हाती शिस्तीचा अधिकार द्यायचा नाही, हा कैद्यांना कसं वागवावं याबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतला ४० वा नियम. तू तो पाठ केला असशील. मी तो मोडून शिकलो.

आणि हात उगारून टोळी मोडत नाही. ब्राझीलच्या कारांदिरू तुरुंगात १९९२ मध्ये दंगल मोडायला पोलीस घुसले, १११ कैदी मेले. पुढच्याच वर्षी ताउबातेच्या तुरुंगात कैद्यांनी पीसीसी ही टोळी काढली, आम्हीच आमचं रक्षण करू म्हणून. आज ती त्या देशातली सगळ्यात मोठी टोळी आहे.

बघ, पुन्हा भाषण सुरू झालं. माफ कर. लहानपणी माझी टोपी घालून तू बाहुल्यांची गिनती घ्यायचीस आणि एक कमी भरली की रडून घर डोक्यावर घ्यायचीस. ते मला फार आठवतं हल्ली. नवी बाई आली की तिची झोपायची जागा तू स्वतः दाखव, तिला दुसऱ्या कुणाचे उपकार घ्यावे लागू नयेत. तू हे करशील, मला खात्री आहे.

माझी बॅटरी आईबरोबर पाठवतोय. बटण अडकतं, अंगठ्यानं जोर द्यायचा. आणि फेरीला कुणाला तरी सोबत घे. माणूस नाही म्हणाले तर तसं लेखी माग.

तुझे,
बाबा