जाते आहे, ओवी नाही

सप्रेम नमस्कार.

आपल्या लोकजीवन संग्रहालयात दळायची जाती भरपूर झाली आहेत. जुने घर पाडायला काढले की आधी जातेच आमच्याकडे येते. मागच्या पडवीत आता पाय ठेवायला जागा नाही. म्हणून स्पष्टच सांगतो : जाते नको, त्यावर म्हटलेली ओवी हवी.

शाळेची मुले येतात, खुंटा धरून जाते ओढून बघतात, ‘जड आहे’ म्हणतात आणि पुढच्या कपाटाकडे पळतात. त्यांचे काय चुकले? नुसते दोन दगड किती वेळ बघणार? एकदा मात्र नातवाबरोबर आलेल्या एका आजी पदर खोचून, एक पाय लांब करून जात्यापाशी बसल्या आणि भावावरच्या ओव्या म्हणू लागल्या. मुले हलेनात. आम्हीही ऐकतच राहिलो; मोबाइल काढून ध्वनिमुद्रण करावे हे एकालाही सुचले नाही. हे आवाहन खरे तर त्या दिवशीच्या चुटपुटीतून निघाले आहे.

गिरणीत दळण जाऊ लागले तशी ओवीही मागे पडली, कारण ती जात्याच्या फेऱ्यावर चालते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी हे वेळीच ओळखले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी, गाणाऱ्या बाईच्या नावागावासह, ऐकता येतात. एवढा आवाका आपला नाही, पण आपल्या पंचक्रोशीतल्या आज्या तरी आपण गाठू शकतो.

कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यातच चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचे संग्रहालय थाटले. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथे चित्रही आहे आणि ते दाखवत कथा सांगणारा माणूसही. आम्हाला हेवा वाटतो तो याचाच.

तर मागणे असे : घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन संग्रहालयात या. वस्तू ओळखायला त्यांची मदत हवी आहे. तिफणीचे चाडे, म्हणजे पेरताना ज्यातून बी सोडतात ते भांडे, आम्ही बरेच दिवस ‘लाकडी पेला’ म्हणून मांडले होते. एका शेतकऱ्याने हसत हसत दुरुस्त केले. ओवी, पाळणा, भारूड, उखाणा, जे आठवेल ते म्हणू द्या. अर्धवट आठवले तरी चालेल. नाव छापायचे की नाही, हे गाणाऱ्या व्यक्तीनेच ठरवायचे.

तमाशाची हँडबिले, तंबूतल्या सिनेमाची तिकिटे, जुन्या लग्नपत्रिका, लोकगीतांच्या कॅसेट हेही रद्दीत टाकू नका. लोकांच्या रोजच्या करमणुकीचा इतिहास असल्याच कागदांत असतो आणि तोच कोणी जपत नाही. मूळ वस्तू द्यायची नसेल तर नक्कल करून परत देऊ. बुरशी लागलेली कॅसेट मात्र लावून बघू नका, फीत तुटेल. पितळेची भांडीही चिंच लावून लख्ख करून आणू नका. आहेत तशी द्या.

आणखी एक. शेतात जुनी नाणी किंवा दागिने सापडले तर ते आमच्याकडे आणायचे नसतात. १८७८ च्या निखात निधी (म्हणजे पुरलेले धन) कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

पैशांचीही गरज आहेच. ध्वनिमुद्रणाचे यंत्र, वाळवी न लागणारी लोखंडी कपाटे आणि लांबच्या वाड्यांवरच्या वृद्धांना आणायला गाडी, एवढ्यासाठीच निधी वापरू. रक्कम कितीही असो, कार्यालयातून पावती घेतल्याशिवाय जाऊ नका.

आजींसाठी जात्याजवळ खुर्ची ठेवली आहे. खालीच बसायची सवय असेल, तर सतरंजीही अंथरलेली आहे.

आपली,
संग्रहालय समिती