नऊचा व्हिडिओ कॉल

पुणे, गुरुवार

प्रिय आई-बाबा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

पाकीट बघून घाबरू नका. तब्येत बरी आहे, नोकरी आहे, डबेवाल्या काकू अजून भाकरीच देतात. फोनवरही सांगता आलं असतं, पण मग तुम्ही "बरं बाई, तुझी सोय" म्हणाला असतात आणि आई दोन दिवस धड जेवली नसती. म्हणून लिहून सांगते. येत्या सोमवारपासून रात्री नऊचा प्रार्थनेचा व्हिडिओ कॉल मी बंद करतेय. ठरलंय.

पुढचं वाचा. कागद लगेच खाली ठेवू नका.

बाबांच्या तपासणीच्या आदल्या रात्रीचं सांगते. आई बाबांसाठी प्रार्थना करता करता माझ्यावर आली. "लेकीचं मन शांत ठेव, प्रभू." आणि लेक त्याच फोनवर ऑफिसच्या ग्रुपला अंगठे पाठवत होती. मग चपलांची जाहिरात आली, तीही कोल्हापुरी चपलांची, ती बघितली. तुमचं आमेन कानावर पडलं तेव्हा कळलं की प्रार्थना संपली. वर आई विचारते, "डोळे भरून आले होते का गं? चमकत होते." आई, तो चष्म्यावर पडलेला उजेड होता. (तुझेही डोळे उघडे होते, हे त्यातून कळलं. असो.) तीन आठवडे झाले, तो घास घशाखाली उतरत नाही.

उपाय केले नाहीत असं नाही. फोन पालथा ठेवला, आवाज बंद केला, स्टुलावर लांब ठेवला. पण तुमचे चेहरेच त्यात, त्यामुळे तो हातात घ्यावाच लागतो, आणि हातात आला की बोट आपोआप भलतीकडे जातं. बाबा, मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात प्रभू पहाटे अंधारातच उठून एकांतात गेला, हे तुम्ही मला हजारदा सांगितलंय. पण त्याच्या पुढच्याच ओळीत शिमोन माणसं घेऊन शोधत येतो आणि म्हणतो, सगळे तुम्हाला शोधताहेत. म्हणजे तेव्हाही मिस्ड कॉल होतेच! आणि प्रभू त्यांच्यासाठी माघारी फिरला नाही, पुढच्या गावांना गेला. हे मात्र तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

२०१९चा ऑगस्ट आठवतो? लाईट नाही, नेट नाही, शिरोलीला हायवे पाण्याखाली आणि मी घरी अडकलेली. तिघं मेणबत्तीपाशी बसलो. बाबांची प्रार्थना चक्क दोन मिनिटांत आटोपली आणि मग कितीतरी वेळ कुणीच उठलं नाही. तशी प्रार्थना मला परत साधलेली नाही. त्यासाठी दर वेळी पंचगंगेनं पात्र सोडायची वाट बघायची का?

तर आता असं. नऊला मी इथे दिवा बारीक करून बसणार, तुम्ही तिथे बसा. मध्ये फोन नाही. चेहरे बघायला संध्याकाळी साडेसहाला कॉल करेन, तेव्हा आईनं कालवण दाखवावं, गुडघा दाखवावा, शेजारच्यांची भांडणं सांगावीत. काही कमी होणार नाही. मिशनरी वाइल्डरसाहेब १८५२ साली कोल्हापुरात आले तेव्हा अमेरिकेचं पत्र यायला महिने लागायचे, हे बाबा दर वर्षी नव्यानं सांगतात. आपल्यात २३० किलोमीटर आहेत आणि कोयना एक्सप्रेस आहे. दुसऱ्या शनिवारी येतेय, रविवारी उपासनेला तिघं एका बाकावर बसू.

रात्री काही झालं तर, हे तुम्ही विचारायच्या आधीच सांगते. बटणांचा साधा फोन घेतलाय. त्यात नेट नाही, काही नाही. तो रात्रभर उशाशी असेल आणि त्याचा नंबर फक्त तुम्हाला दिलाय. सोबतच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलाय, तो फ्रिजवर लावा. पण छातीत दुखलं तर आधी १०८, मग मी. मिरजेच्या वेळेसारखं "लेकीची झोप मोडू नये" हे परत चालणार नाही, बाबा.

आता जरा ऐका. आई, रात्री बारापर्यंत प्रवचनांचे व्हिडिओ लावून पडायचं नाही. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं, ही कंपनीची युक्ती आहे, पवित्र आत्म्याची प्रेरणा नव्हे. फोन रात्री स्वयंपाकघरात ठेवायचा. गजराचं घड्याळ पाठवतेय. बाबा, सकाळी वचनांची तीस चित्रं फॉरवर्ड करायच्या आधी बीपीची गोळी. आणि पवित्र शास्त्र फोनवर वाचायचं नाही; स्तोत्र वाचता वाचता तुम्ही क्रिकेटचा स्कोअर उघडता, मी बघितलंय. मोठ्या टाइपाचं शास्त्र घेतलंय, येताना आणते. रागावू नका, माझंच चुकलंय म्हणून तर एवढं बोलतेय.

लहानपणी प्रार्थनेत मी बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. आईचा एक डोळा दुधावर. बाबा कोडोलीच्या आत्यापासून सुरू करून एकेक माणसाचं नाव घ्यायचे, मिलिटरीतल्या काकांपर्यंत यायच्या आत मला झोप लागलेली असायची. त्यामुळे पुढची नावं कधी ऐकलीच नाहीत.

परवा एकटी बसून पाहिलं, तर काकांपाशी येऊन अडले. बाबा, ती यादी तुमच्या क्रमानं लिहून पाठवा ना. फोटो काढून नको, कागदावर. जे गेलेत त्यांचीही नावं राहू देत.

तुमची,
बाळी