जॅकवर खचलेला कॅम्पर आणि तुमच्या सेवा केंद्राची उत्तरं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : पिकअपवरून उतरवून ठेवलेल्या कॅम्परचं नुकसान आणि त्याबद्दल मिळालेली वागणूक

महोदय,

आज दुपारी तुमच्या सेवा केंद्राशी बोलणं झालं, त्यानंतर हे पत्र लिहितो आहे. फोन आता बंद. यापुढे जे असेल ते लेखी.

कॅम्पर, म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यात बसवायची झोपण्या-राहण्याची खोली, तुम्हीच बनवता, त्यामुळे त्याबद्दल जास्त सांगत बसत नाही. माझी पिकअप एरवी शेतीच्या कामाला लागते. म्हणून तुमच्या माणसाने डिलिव्हरीच्या वेळी दाखवलं होतं अगदी तसंच केलं. चार कोपऱ्यांचे जॅक खाली सोडले, कॅम्पर हौद्यातून वर उचलला, गाडी खालून काढली आणि कॅम्पर अंगणात उभा ठेवला. आमच्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाणी मुरलं की फुगते आणि वरच्या वजनाला तग धरत नाही. वळवाचा पाऊस वाऱ्यासकट आला आणि मागचा उजवा जॅक वीतभर जमिनीत गेला. एक पाय खचला की त्याचा भार शेजारच्या दोन पायांवर जातो. म्हणून खचला उजवा आणि उपटला डावा. डाव्या कोपऱ्यातली जॅकची लोखंडी पट्टी स्क्रूंसकट बाहेर आली आहे. त्या भोकांत बोट घातलं तर ओला भुसा हाताला लागतो. म्हणजे त्या सांध्यातून पाणी आधीपासूनच आत जात होतं. सांगाडा पिळला गेला आहे, दार चौकटीत बसत नाही.

आता तुमच्या सेवा केंद्राचं बोलणं. जसं झालं तसं देतो.

मी नुकसान सांगितलं. पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, जॅक फक्त चढवायला-उतरवायला असतात. त्यावर ठेवायचं नसतं." मी विचारलं, मग उतरवल्यावर ठेवायचं कशावर? "ते कस्टमरने बघायचं असतं." मी म्हटलं, हे कुठे लिहिलंय? "मॅन्युअलमध्ये आहे." मॅन्युअल माझ्या हातातच होतं. म्हटलं, पान सांगा. तो थांबला, मग म्हणाला, "तुमच्याकडे जुनं मॅन्युअल असेल." मी म्हटलं, नवं पाठवा. "ते डीलरकडून घ्या." डीलरने तुमच्याकडे पाठवलं होतं, हेही सांगितलं. यावर तो हसला आणि म्हणाला, "काका, मुळात तुम्ही गाडीवरून उतरवलाच कशाला?"

उतरवलाच कशाला! व्यवस्थापकसाहेब, उतरवता येतो हे सांगूनच तुम्ही तो मला विकला. तुमच्या व्हिडिओत एकटा माणूस बघता बघता तो उतरवतो आणि गाडी घेऊन निघून जातो. तो व्हिडिओ सिमेंटच्या फरशीवर काढला आहे. मातीवर काय करायचं, वाऱ्यात काय करायचं, यावर त्यात एक शब्द नाही. मॅन्युअलमध्येही नाही.

जे तुम्ही सांगायला हवं होतं, ते मला आमच्याकडच्या ट्रकची बॉडी बांधणाऱ्या मिस्त्रीने सांगितलं. जॅकचा पाय 15 सेंटीमीटर लांब-रुंद आहे. त्याखाली 45 सेंटीमीटर लांब-रुंद जाड फळी टाकली की तोच भार नऊपट जागेवर पसरतो. कॅम्पर कधीही पूर्ण उंचीवर ठेवायचा नाही, जॅक आखडून जमेल तितका खाली घ्यायचा. उंचावर तो चार पायांच्या मचाणासारखा हलतो आणि वाऱ्याचा आडवा जोर थेट जॅकच्या पट्ट्यांवर येतो. जो तळ एरवी हौद्यात टेकतो, त्याच्याखाली स्लीपर, म्हणजे लाकडाचे जाड ठोकळे, रचायचे आणि वजन त्यांच्यावर घ्यायचं. केबिनच्या वर येणारा पुढचा भाग टेकूवर घ्यायचा नाही. पाण्याची टाकी रिकामी करायची, कारण लिटरमागे किलोभर वजन वाढतं. गॅसची टाकी काढून ठेवायची. खाली पक्का आधार लागेपर्यंत आत कोणी झोपायचं नाही. ही माहिती एका पानात मावते. तुम्ही ते पान छापलं नाही.

माझी नातवंडं त्या कॅम्परमध्ये खेळायची. पाऊस आला तेव्हा ती घरात होती, म्हणून आज मी फक्त मोडलेल्या पट्टीबद्दल लिहितो आहे. हे आठवलं की "उतरवलाच कशाला" हा प्रश्न पुन्हा कानात येतो आणि राग आवरत नाही. बाहेरचं काही न घेता आपल्याच महाराष्ट्रातल्या कारखान्याचं घ्यावं, काही झालं तर माणूस तरी येईल, या भरवशावर मी तुमच्याकडे आलो होतो. माणूस आला नाहीच. वर काका म्हणून हसण्यावारी नेलं.

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. चारही कोपऱ्यांची तपासणी आणि पट्ट्यांची दुरुस्ती, आतलं भिजलेलं लाकूड बदलून, तुमच्या खर्चाने. प्रत्येक जॅक किती वजन पेलतो ते लेखी. आणि उतरवून ठेवण्याच्या सूचना मराठीत, मला एकट्याला नव्हे तर तुमच्या प्रत्येक ग्राहकाला.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 84 तुमच्या वकिलाकडून वाचून घ्या. योग्य वापराच्या पुरेशा सूचना न दिल्यामुळे इजा झाली, तर उत्पादक जबाबदार धरला जातो. तक्रार मी राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते, त्यासाठी तुमच्या शहरात यावं लागत नाही. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी तिथे जाणार. फोटो, मॅन्युअल आणि तुमचा व्हिडिओ माझ्याकडे जपून ठेवलेले आहेत.

तपासणीला माणूस पाठवाल तेव्हा त्याला हे आधी सांगा : कॅम्पर सध्या स्लीपरांवर टेकलेला आहे. डावा मागचा जॅक निकामी आहे. मला विचारल्याशिवाय तो कोणीही पुन्हा जॅकवर उचलायचा नाही.

आपला ग्राहक