चिमूटभर कूट देऊन ॲलर्जी जात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत अन्नाच्या ॲलर्जीवरील ‘इम्युनोथेरपी’बद्दल आलेला मजकूर वाचला. ज्या पदार्थाची ॲलर्जी आहे तोच सूक्ष्म मात्रेत देत देत शरीराला त्याची सवय लावायची, ही पद्धत खरी आहे आणि तिची माहिती मराठीत आली हे चांगलेच झाले. पण मी धंतोलीत औषधाचे दुकान चालवतो. अशी माहिती घराघरांतून फिरून काउंटरवर येते तेव्हा तिचे काय झालेले असते, ते मला दिसते. म्हणून हे पत्र.

पुरवणी आली त्याच आठवड्यात एक ताई सिट्रिझिनचे, म्हणजे ॲलर्जीच्या खाजेवरचे सिरप मागायला आल्या. मुलगा पाच वर्षांचा. फल्लीदाणा (शेंगदाणा) खाल्ला की ओठ सुजतात, अंगावर पित्त उठते, एकदा उलट्याही झालेल्या. नात्यातल्या कुणीतरी त्यांना सांगितले होते की रोज चिमूटभर कूट द्यायचे आणि हळूहळू वाढवायचे, परदेशात असाच इलाज करतात. पर्समधून त्यांनी छोटी वही काढून दाखवली. तारीख, किती चिमटी, पुढे ‘खाज’ किंवा ‘काही नाही’. “भाऊ, मी देऊन राहिली, फक्त सिरप घरात असू द्या म्हटलं.” इतक्या मनापासून चाललेले ते काम पाहून मला धास्ती वाटली. ते त्याच दिवशी थांबवा आणि वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा, असे मी त्यांना सांगितले.

चिमटीत किती धोका असतो हे आकड्यांत सांगतो. एका फल्लीदाण्यात साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅम प्रथिने असतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली शेंगदाण्याच्या ॲलर्जीसाठी ‘पालफोर्झिया’ या औषधाला मान्यता दिली; ते म्हणजे मोजून भरलेली शेंगदाण्याचीच पूड. त्यातली पहिली मात्रा अर्धा मिलिग्रॅम प्रथिनांची, म्हणजे एका दाण्याच्या पाचशेव्या भागाइतकी. पहिल्या दिवशी दवाखान्यात बसवून ती सहा मिलिग्रॅमपर्यंत नेतात. मग तीन मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दर दोन आठवड्यांनी एकेक पायरी चढत, निदान पाच-सहा महिन्यांनी ३०० मिलिग्रॅमवर पोचतात. प्रत्येक नव्या पायरीची पहिली मात्रा डॉक्टरांसमोर घ्यायची आणि नंतर किमान तासभर तिथेच थांबायचे. घरच्या चिमटीत कुटाचा एक मोठा कण कमी-जास्त झाला तरी यातल्या कितीतरी पायऱ्या एकदम ओलांडल्या जातात.

एवढे करून मिळते काय? ज्या चाचणीवर ती मान्यता मिळाली, त्यात ४ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ६७ टक्के मुले वर्षाअखेरीस दोन-अडीच दाण्यांएवढी प्रथिने पचवू शकली. खोटे औषध दिलेल्या मुलांत हे प्रमाण ४ टक्के होते. फरक मोठा आहे. चुकून एखाद्या लाडवातून, चटणीतून दाणा पोटात गेला तर जीवावर बेतू नये, एवढे संरक्षण त्यातून मिळते, आणि ज्या घरात असे मूल आहे तिथे त्याची किंमत फार आहे. पण हे संरक्षण रोजची मात्रा चालू असेपर्यंतचे. १ ते ३ वर्षांच्या बाळांवरच्या एका अभ्यासात उपचार संपताना ७१ टक्के मुलांना बरीच मोठी मात्रा सोसली. मग सहा महिने शेंगदाणा पूर्ण बंद ठेवून पुन्हा तपासले तेव्हा २१ टक्केच तशी उरली. त्यामुळे ‘ॲलर्जी मुळापासून बरी करतो’ असे कुणी छापून वाटत असेल, तर तिथून उठून यावे.

उपचाराचा त्रासही लपवू नये. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आधीच्या चाचण्या एकत्र करून केलेले विश्लेषण आले. पदार्थ नुसता टाळणाऱ्यांपेक्षा हा उपचार घेणाऱ्यांना तीव्र रिॲक्शन येण्याचा धोका तिपटीच्या आसपास भरला. काल सोसलेली मात्रा आज सोसेलच असेही नसते. ताप असेल, दमा आटोक्यात नसेल, झोप झाली नसेल किंवा मात्रा घेऊन मूल लगेच मैदानावर धावायला गेले, तर तीच मात्रा अंगावर येऊ शकते. या उपचारात तापाच्या दिवशी डॉक्टरांना फोन करून मात्रा कमी करावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात मुलांना किती वेळा ताप येतो, हे आईबापांना सांगायला नको.

धुळीच्या आणि परागकणांच्या ॲलर्जीवर इंजेक्शने मिळतात, मग फल्लीदाण्यावर का नाहीत, असेही लोक विचारतात. परागकणांवरचा तो उपचार १९११ पासूनचा आहे आणि चांगला आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शेंगदाण्याच्या अर्काची इंजेक्शनेही देऊन पाहिली. ज्याला औषध नसलेले द्रावण मिळायचे होते अशा एका रुग्णाला, औषध तयार करताना झालेल्या चुकीने, अर्क गेला आणि तो दगावला. चाचणी थांबवावी लागली. ती चूक माझ्या व्यवसायातली होती, म्हणून अन्नाच्या ॲलर्जीचे थेंब किंवा पुड्या घरी बनवून देणाऱ्यांचे मला जास्तच भय वाटते.

बऱ्याच घरांत याच्याही आधी गाडे अडलेले असते. शिबिरांतून शंभर-दीडशे पदार्थांची रक्ततपासणी करून घेतात आणि अहवालात लाल खूण दिसली की गहू, दूध, तूर सगळे बंद. बंगळूर आणि म्हैसूर भागात प्रौढांवर झालेल्या अभ्यासात २६ टक्क्यांहून अधिक लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धच्या खुणा सापडल्या. खरी ॲलर्जी असण्याची शक्यता निघाली ती जेमतेम सव्वा टक्का लोकांत. त्यातही ‘आयजीजी’ नावाची तपासणी तर तो पदार्थ आपण खातो एवढेच सांगते. वाढीच्या वयातल्या मुलाचे दूध अशा कागदावरून तोडू नये. खाल्ल्यावर किती वेळात काय झाले, हे नीट विचारणारा डॉक्टर हवा, आणि शंका असेल तर दवाखान्यात देखरेखीखाली तो पदार्थ खाऊ घालून पाहायची चाचणी हवी.

आणखी एक घोटाळा होतो. २०१५ साली लंडनच्या संशोधकांनी दाखवले की एक्झिमा (त्वचेला खाज सुटून चट्टे येणे) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना ४ ते ११ महिन्यांच्या दरम्यान शेंगदाणा सुरू केला, तर पुढे त्याची ॲलर्जी होण्याचे प्रमाण खूप घटते. तो प्रतिबंध आहे, आणि त्यातही आधी तपासणी करूनच बाळांना घेतले होते. ज्याचे ओठ एकदा सुजलेत त्या मुलाला हे लागू नाही. (आणि तान्ह्या बाळाला अख्खा दाणा कधीच देऊ नये, तो घशात अडकतो.)

आता सिट्रिझिनबद्दल. ते खाज आणि पित्त कमी करते. घसा आवळला, श्वास लागला, मूल गळून पांढरे पडले, तर त्याचा उपयोग नाही. तिथे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शनच लागते, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, लगेच, आणि मग थेट दवाखाना. परदेशातली तयार पेनसारखी इंजेक्शने आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळत नाहीत. पण ॲड्रेनॅलिनचा साधा ॲम्प्यूल (काचेची छोटी कुपी) स्वस्त आहे आणि राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. तरी ज्यांना गंभीर रिॲक्शन येऊन गेली आहे अशा मुलांच्या चिठ्ठ्यांवरही मला तो क्वचितच दिसतो. माझी डॉक्टरांना विनंती आहे की मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहून तो द्यावा आणि सुई कशी द्यायची हे आईवडिलांच्या हातून एकदा करवून घ्यावे.

कारण टाळणे म्हटले तरी नागपुरात ते सोपे नाही. उपासाच्या खिचडीत कूट, भगरीबरोबर दाण्याची आमटी, संक्रांतीचे लाडू, घाण्याचे फल्ली तेल, सावजी रश्शाचे वाटण. पाकिटावर शेंगदाणा, दूध, अंडी, सोया यांची नोंद असणे २०२० च्या नियमांनी सक्तीचे आहे. पण पोह्यांच्या गाडीवर किंवा लग्नाच्या पंगतीत पाकीट नसते, आणि तिळाचा तर त्या सक्तीच्या यादीत समावेशच नाही.

मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांकडे विदर्भाबरोबरच छिंदवाडा, बालाघाटचेही रुग्ण येतात. यांपैकी एका तरी ठिकाणी अन्नाच्या ॲलर्जीसाठी आठवड्यातला एक ठरलेला दिवस असावा, देखरेखीखालची चाचणी तिथे माफक दरात व्हावी आणि ज्यांना योग्य असेल त्यांना इम्युनोथेरपीही मिळावी. गडचिरोलीहून मजुरी बुडवून दर पंधरा दिवसांनी येणे कुणाला जमणार नाही, हे मला कळते. अशा घरासाठी पदार्थ टाळणे आणि ॲड्रेनॅलिन जवळ ठेवणे हाच योग्य उपचार आहे, आणि तो कमीपणाचा मानू नये.

पुरवणीत या विषयावर पुन्हा लेख आला, तर त्यात ॲड्रेनॅलिन कधी आणि कुठे द्यायचे याची चौकट ठळक छापावी, म्हणजे शाळेतल्या बाईंना ती कापून भिंतीवर लावता येईल.

आपला,
एक औषधविक्रेता, धंतोली, नागपूर