नवा कोरा नसला तरी चालेल

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "रिफर्बिश्ड कॅमेरा घेऊ का गं आई?" आणि मी "घे की" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर तुझे बाबा म्हणाले, "त्या लेन्सचा विसर पडलेला दिसतोय तुला." विसर कसला पडतोय! तुला आजवर सांगितलं नाही, कारण त्यात शोभा माझीच आहे.

तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. मी एक जुनी ५० मिलिमीटरची लेन्स घेतली. विकणाऱ्याने 'उघडून, साफ करून' दिली होती. बाहेरून अशी लखलखीत की नवी म्हणूनही खपली असती. दोन-तीन महिने फोटो बरे आले. मग उजेडाच्या दिशेने काढलेल्या प्रत्येक फोटोवर साय धरल्यासारखा पांढुरका पडदा दिसायला लागला. एका रात्री दिवे मालवले, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) पूर्ण उघडलं, मागून टॉर्च मारला आणि पुढून तिरकं पाहिलं. आतल्या भिंगाच्या कडेवरून मध्याकडे कोळिष्टकासारखे बारीक तंतू सरकत आले होते. बुरशी! दुरुस्तीवाल्याने ती पुसून दिली, पण तोवर तिने भिंगावरचं कोटिंग खाल्लं होतं. तंतू गेले, त्यांची नक्षी राहिली. वरून कीर्तन, आतून तमाशा.

एवढं होऊनही मी काल "घे" म्हणाले, ते उगाच नाही. तेव्हा मी चुकले ती जुनी वस्तू घेण्यात नाही. 'साफ केलं' म्हणजे नेमकं काय केलं, हे मी विचारलंच नव्हतं. रिफर्बिश्ड या शब्दाचंही तसंच आहे, त्याला एक ठरलेला अर्थ नाही. कुणीतरी हौसेने कॅमेरा घेतो, आठवड्यात परत करतो, कंपनी तो तपासून पुन्हा विकते, तो रिफर्बिश्ड. दुकानाच्या काचेत मांडून ठेवलेला नमुना, तोही रिफर्बिश्ड. आणि पाच वर्षं राबलेला, वरची धूळ पुसून नव्या खोक्यात घातलेला, त्यालाही काही विक्रेते रिफर्बिश्डच म्हणतात. पहिला मिळाला तर सोन्याहून पिवळं. म्हणून विचारायचं ते असं: उघडला कुणी, बदललं काय, आणि वॉरंटी कोण देतंय, कंपनी की विक्रेता? 'ए ग्रेड', 'लाइक न्यू' या शिक्क्यांवर फार जाऊ नकोस, ते बहुतेक वेळा वरच्या ओरखड्यांबद्दलच बोलतात. त्यापेक्षा खालच्या प्लेटचे स्क्रू बघ. त्यांची डोकी खरवडलेली असतील तर कुणीतरी हौशी हात आत जाऊन आलाय.

शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उघडझाप झालंय तो आकडा, तू विचारणारच. साध्या डीएसएलआरचं (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचं) शटर साधारण १,००,००० वेळा उघडझाप करेल असा अंदाज धरतात. कॅननच्या फाइव्ह-डी मार्क टूला कंपनीने १,५०,००० सांगितले होते, निकॉनच्या डी-८५० ला २,००,०००. ही मुदत नव्हे, अंदाज आहे. कुणाचं आधीच बसतं, कुणाचं दुप्पट चालतं. पण तुला पक्षी टिपायचेत, म्हणून एक हिशेब सांगते. सेकंदाला १० फोटो या वेगाने बटण दाबून धरलं तर १,००,००० उघडझापी पावणेतीन तासांत उरकतात! त्यामुळे पाखरांमागे हिंडलेल्या कॅमेऱ्याचा आकडा मोठा असायचाच. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेले फोटो यांत्रिक शटरला झिजवत नाहीत, म्हणजे तिथे काउंट छोटा असला तरी कॅमेरा किती राबलाय ते त्यावरून कळत नाही. निकॉनच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच सापडतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत तो तसा मिळत नाही, तिथे विक्रेत्याकडून लेखी घे.

जुन्या मॉडेलचा एक फायदा कुणी फारसा सांगत नाही. त्याची दुखणी तोवर चव्हाट्यावर आलेली असतात. निकॉनचा डी-६०० आला २०१२ मध्ये. सेन्सरवर (आतल्या फोटो टिपणाऱ्या चकतीवर) तेला-धुळीचे ठिपके पडतात म्हणून लोकांनी ओरड केली, २०१३ मध्ये डी-६१० आला आणि २०१४ मध्ये कंपनीने डी-६०० चं शटर वॉरंटी संपलेली असली तरी फुकट बदलून द्यायची तयारी दाखवली. आता तूच सांग, शटर बदललेला डी-६०० वाईट का? मी तरी शटर न बदललेल्यापेक्षा तोच घेईन. नव्या मॉडेलचं दुखणं मात्र पहिल्या गिऱ्हाइकालाच कळतं.

तोटे नाहीत असं नाही. मॉडेल फार जुनं असेल तर सुटे भाग मिळत नाहीत, आणि मग वॉरंटीचा कागद असून नसून सारखाच. शिवाय पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस धरून ठेवणं ही अलीकडच्या मिररलेसची करामत आहे. दहा वर्षांपूर्वीच्या बॉडीकडून (म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याकडून) ती अपेक्षा ठेवू नकोस. उडत्या पक्ष्यांसाठी मी मॉडेल दोन पायऱ्या नवीन आणि रिफर्बिश्ड घेईन, जुन्या मॉडेलचा कोरा करकरीत कॅमेरा घेणार नाही.

आणि वाचलेले पैसे लेन्सला लाव. बॉडीची किंमत भराभर उतरते, चांगली लेन्स भाव धरून असते. पण माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते ती खाच, आधी बघ. निकॉनचं एफ माउंट १९५९ पासूनचं, कॅननचं ईएफ १९८७ पासूनचं, त्यामुळे जुन्या लेन्सेसचा बाजार भरलेला आहे. २०१८ मध्ये दोघांनीही मिररलेससाठी नवी माउंट काढली, कॅननचं आरएफ आणि निकॉनचं झेड. ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून कॅननच्या आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सना मात्र फोकससाठी बॉडीतली मोटर लागते. ती डी-३००० किंवा डी-५००० मालिकेतल्या बॉडीत नाही, आणि एफ लेन्स झेड बॉडीवर बसवणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्येही नाही. स्वस्त मिळाली म्हणून घेशील आणि हाताने फोकस करत बसशील, तोवर पक्षी केव्हाच भुर्र.

बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते. निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत मेनूमध्ये तिचं वय ० ते ४ असं दिसतं, ४ आलं तर नवी घ्यायची. बाहेर काढताना अडकत असेल तर ती फुगलीय, लगेच बाजूला ठेव.

परत करायची मुदत किती दिवस ते मागवण्याआधी विचार. पार्सल आलं की त्याच दिवशी एफ/१६ वर, म्हणजे अ‍ॅपर्चर बरंच बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम धूसर फोटो काढ आणि मोठा करून बघ. काळपट ठिपके असतील तर बहुधा धूळ, ती साफ होते. बारीक रेघ दिसली आणि साफ करूनही गेली नाही, तर तो सेन्सरवरचा ओरखडा. कॅमेरा सरळ परत पाठव. मग लेन्सची टोपी लावून, खोलीतले दिवे बंद करून ३० सेकंदांचा एक फोटो. अंधारात लाल-निळे ठिपके चमकले तर ते हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरचे बिघडलेले बिंदू. दोन-चार असले तर मी सोडून देते, चांदण्यांचं आभाळ झालं तर नाही. जोडीला लेन्स असेल तर टॉर्च घे आणि मी पाहिलं तसं तिरकं बघ. दिवे मालवून हं!

बाबा विचारतायत, सोबत पट्टा मिळतो का. बहुतेक नाही. माझा जुना कपाटात आहे, पाठवते.

तुझी,
आई