‘आनंदी राहावे’ या एका ओळीबद्दल

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारच्या पुरवणीत गरोदरपणातल्या आहारावर पानभर मजकूर होता. नाचणी, खजूर, शेवग्याची पानं, लोहाच्या गोळ्या चहासोबत का घेऊ नयेत, सगळं उपयोगी. कात्रण मी जपून ठेवलं आहे. पण शेवटच्या चौकटीत एक ओळ होती : ‘गर्भवतीने नेहमी आनंदी राहावे.’ तिथे मी अडखळले. दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य मी आमच्या घरात दिवसातून दहादा म्हणत होते, आणि त्यामुळेच माझ्या सुनेचं तोंड बंद झालं होतं.

मी फलटणची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. मुलगा चाकणला कंपनीत, पाळ्यांची नोकरी, शनिवारी रात्री घरी यायचा. सून इथल्याच एका पतसंस्थेत कामाला. पहिल्या वेळी अकराव्या आठवड्यात तिचा गर्भपात झाला होता. त्यामुळे दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा आम्ही तिला फार जपलं. जड उचलू नको, पपई खाऊ नको, ग्रहणात बाहेर पडू नको. पहिल्याबद्दल मात्र घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. आठवण नको म्हणून काढलं नाही, पण ती रोज आठवत होती.

पाचव्या महिन्यात तिची झोप गेली. पहाटे तीनला उठून ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून अंधारात बसायची. मला वाटलं, पित्त असेल. एकदा मी दिवा लावला तेव्हा ती म्हणाली, “आई, बाळ हललं की मला भीतीच वाटते. आनंद होत नाही.” मी तिला म्हणाले, “असं बोलू नये गं, बाळाला ऐकू जातं. आनंदी राहावं.” त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी मनातलं काहीच बोलली नाही. विचारलं की “बरी आहे” एवढंच. ज्या खाजगी दवाखान्यात नाव घातलं होतं तिथे तिने एकदा धीर करून सांगितलं, तर “पहिल्यापहिल्यांदा होतं असं, मन रमवा” म्हणून सोनोग्राफीची चिठ्ठी हातात दिली. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर सगळं पाहिलं. रात्री झोपतेस का, हे कुणी विचारलं नाही.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, फुलांची वाडी, बर्फी की पेढा, सगळं साग्रसंगीत. फोटोत ती हसते आहे. तो फोटो आता मला बघवत नाही.

आमच्या आशाताईंनी हे ओळखलं. त्या गोळ्यांची पाकिटं मोजायला आल्या होत्या. लोहाच्या गोळ्या जशाच्या तशा पडलेल्या. दुसरं कुणी असतं तर रागावलं असतं. त्या खाली बसल्या, मला म्हणाल्या, “बाई, जरा चहा टाकता का?” चहा नकोच होता त्यांना, मला बाहेर काढायचं होतं. मी दाराआडून ऐकत होते, हे कबूल करते. त्यांनी विचारलं, “झोप लागते का ताई? जेवावंसं वाटतं का? रडू येतं का, आणि किती दिवस झाले?” सून पाऊण तास बोलली. त्यात एक वाक्य होतं, “मी नसले तर सगळ्यांचं बरं होईल.” माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली.

त्याच संध्याकाळी आम्ही १४४१६ या क्रमांकावर फोन केला. ही मनाच्या त्रासासाठी असलेली केंद्र सरकारची टेली-मानस सेवा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी तिला सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? मला धसकाच बसला, असं विचारतात का कुणी! पुढे साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञांनी मला समजावलं की विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट जे एकटीने सोसत असतात त्यांचं ओझं हलकं होतं. त्यांनी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पुन्हा तपासून घेतलं, कारण त्या दोन्हींमुळेही असा थकवा आणि उदासी येऊ शकते. मग समुपदेशन सुरू केलं आणि एक गोळी कमी मात्रेत दिली.

गोळीवरून घरात वादळ झालं. विहीणबाई म्हणाल्या, बाळ अधू होईल. माझे यजमान म्हणाले, नऊ महिने काढ, मग बघू. डॉक्टरांनी मुलाला आणि आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं : मानसिक आजाराची काही औषधं गरोदरपणात टाळतात, काही गरज असेल तर देतात, आणि उपचार न करण्यातही आईला आणि बाळाला धोका असतोच. कुठली गोळी, किती, हे डॉक्टर ठरवतील. आपल्या मनाने सुरू करायची नाही आणि आपल्या मनाने बंदही करायची नाही. विहीणबाईंना आणखी एक भीती होती, पोरीला दाखल करतील आणि बाळ काढून घेतील. तशी वेळ आली नाही. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात लिहिलेलंच आहे की उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा वेगळं करायचं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत तर आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवणारा विभाग आहे.

बाकी आम्ही काय केलं, तर फार मोठं काही नाही. मुलगा पंधरा दिवस रजा काढून आला. संध्याकाळी शेजारची एक मैत्रीण तिला चालायला न्यायची. पहिल्या बाळाचं नाव तिने मनात ठेवलं होतं, ते तिने आम्हाला सांगितलं आणि आम्ही ते ऐकून घेतलं. मी ‘आनंदी राहा’ म्हणणं सोडलं. आणि एका रात्री मी तिला माझं सांगितलं.

माझं पहिलं बाळंतपण १९८७ सालचं. सातव्या महिन्यात माहेरी, माळशिरस तालुक्यात गेले होते. मळ्यातल्या विहिरीकडे मी जात नसे. पाय दुखतात असं आईला सांगायचे. खरं कारण वेगळं होतं. विहीर दिसली की मनात नको ते यायचं आणि मी स्वतःलाच भ्यायचे. मुलगी झाली, ती वर्षाची झाली, तेव्हा कुठे ते हळूहळू विरलं. इतक्या वर्षांत मी हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सून म्हणाली, “मग तेव्हा मला गप्प का केलंत?” मला उत्तर देता आलं नाही. मला जे ऐकवलं गेलं तेच मी तिला ऐकवलं, एवढंच असेल.

नंतर मला कळलं की त्याच १९८७ साली स्कॉटलंडमधल्या डॉक्टरांनी बाळंतिणींसाठी दहा प्रश्नांची यादी छापली होती. एडिनबरोच्या नावाने ती ओळखली जाते आणि आता गरोदरपणातही वापरतात. गेल्या सात दिवसांत तुम्ही हसू शकलात का, इथून सुरुवात होते. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल असतो. भरायला पाच-दहा मिनिटं लागतात. मी तेव्हा विहीर चुकवत होते आणि कुठे तरी हा कागद तयार होता, याने माझा जीव कळवळतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते विकसनशील देशांत गरोदर बायकांपैकी १५.६ टक्के आणि बाळंतिणींपैकी १९.८ टक्के मानसिक आजाराने, मुख्यतः नैराश्याने, त्रासतात. म्हणजे सहा-सात गरोदर बायका रांगेत उभ्या असतील तर त्यात एक. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. २०१६ पासूनचा हा उपक्रम चांगला आहे, माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुली जातात. त्या दिवशी रक्तदाबाचा पट्टा बांधता बांधता झोपेचं आणि मनाचं विचारावं, सासू-नवऱ्याला बाहेर थांबवून विचारावं, एवढंच माझं मागणं आहे.

हे कामही आशाताईंच्या गळ्यात पडणार, हे मला दिसतं. त्यांच्याकडे आधीच रजिस्टरांचा ढीग आहे. म्हणून प्रशिक्षण द्या आणि त्याचे पैसेही द्या. शेजारच्या गोव्यात गावातल्या साध्या बायकांना शिकवून ‘सखी’ म्हणून नैराश्य असलेल्या गरोदर बायकांच्या घरी पाठवलं होतं. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सखी येत होती त्यांच्यात बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी सावरलेल्या जास्त निघाल्या. गोव्यात जमलं ते साताऱ्यात का जमू नये?

तुमच्याकडेही मागणं आहे. पुढच्या वेळी चौकटीत ‘आनंदी राहावे’ छापू नका. दोन आठवड्यांहून जास्त झोप नसेल, रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर दवाखान्यात सांगा, असं छापा. शेजारी १४४१६ हा क्रमांक ठळक छापा. ती ओळ सासवांसाठीही असते. आम्हीच ती मोठ्याने वाचून दाखवतो.

नातू चौदा महिन्यांचा आहे. हे पत्र मी सुनेला दाखवल्याशिवाय पाठवणार नव्हते. तिने वाचलं, ‘आता ती पूर्ण बरी झाली आहे’ हे वाक्य खोडलं आणि म्हणाली, “आई, गोळी अजून चालू आहे, परवाच डॉक्टरांकडे जाऊन आले, तेही लिहा.” म्हणून लिहिलं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फलटण
(सुनेच्या सांगण्यावरून नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)